सातारा-सांगलीच्या मातीत मेटल डिटेक्टर: घेण्याआधी आणि घेतल्यावर

मशीन घेऊन रानात उतरलं की पाच मिनिटांत बांधावर कुणीतरी येऊन उभं राहतं. पहिला प्रश्न, "काय घावलं का?" दुसरा, "किती फूट खाली दिसतं यात?" पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा खिळा असं असतं. दुसरा प्रश्न नवीन गिऱ्हाईक दुकानदारालाही विचारतं, आणि दुकानदार त्याला आवडतील तेवढे फूट सांगून मोकळा होतो.

मी कराडकडचा. या छंदात नव्याने येणारे मला मॉडेलची नावं पाठवून विचारतात, "यातलं कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, रान कुठलं? कृष्णाकाठचं काळं, माण-खटावचं मुरमाड, की वाळव्याकडचं क्षारपड? परदेशातल्या व्हिडिओत हिरवळीवर जे मशीन कमाल करतं, ते आपल्या बेसाल्टच्या मातीत रडकुंडीला येऊ शकतं. त्यामुळे तुलना मातीपासून सुरू करू. पण त्याच्याही आधी कायदा, कारण तो न कळता लोक थेट गडावर जातात.

१. कायदा आधी वाचा

भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडलेली, किंमत असलेली कोणतीही गोष्ट म्हणजे 'निधी'. तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. मग ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जिल्हाधिकारी सांगतील तसा जामीन द्यायचा. दहा रुपये हा आकडा १८७८ चा. आज एखाद्या शिवराईलाही (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) त्याहून जास्त किंमत येते, म्हणजे व्यवहारात जुनं काहीही सापडलं तरी कळवायचंच, असं धरून चला. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि वाट्यावरचा हक्कही जातो.

याच कायद्यात सापडणाऱ्याच्या बाजूचंही एक कलम आहे, ते फार जणांना माहीत नसतं. चौकशीनंतर निधी बेवारस ठरला आणि तुमचा व जमीनमालकाचा आधी काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश मालकाचा. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. करार असेल तर वाटणी कराराप्रमाणे.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंबद्दलचा. शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, भांडं ही पुरावस्तू ठरते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा विक्रीचा धंदा करता येत नाही. "एक शिवराई ऑनलाइन टाकून बघू" असा विचार आलाच, तर आधी हे आठवा.

तिसरी गोष्ट जागेची. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. प्रतापगड राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. कास पठार, कोयना, चांदोली, सागरेश्वर इथे वनखात्याचे नियम आहेत. माझा सरळ सल्ला: कोणताही गड, लेणी, जुनं देऊळ, पडका वाडा, बारव, वनजमीन इथे मशीन पिशवीतूनही नेऊ नका. तिथे फलक नसला तरी नेऊ नका. पुरातत्त्ववाल्याला नाण्यापेक्षा ते कोणत्या थरात, कशाशेजारी होतं हे जास्त बोलतं. खुरप्याने उकरलेल्या नाण्याची ती साक्ष कायमची गेली.

मग उरतं काय? स्वतःचं रान, पाहुण्यांचं रान, परवानगीने दुसऱ्याचं रान. आणि या छंदातलं मला सर्वांत आवडणारं काम: लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देणं. भांगलताना पडलेली जोडवी, उसाच्या सरीत गेलेलं कानातलं, गाडीची किल्ली, तुटलेला फाळ.

२. रान कुणाचं ते सातबाऱ्यावर बघा

"आमच्या मामाचं आहे" एवढ्यावर जाऊ नका. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. गट नंबर टाका आणि खातेदार किती आहेत ते बघा. सामाईक खातं असेल तर एका भावाची परवानगी दुसरा भाऊ मानत नाही. तुमच्या खुरप्याने त्यांचं जुनं भांडण उकरून निघतं. वाटेकरी किंवा खंडाने करणारा असेल तर उभ्या पिकासाठी त्यालाही विचारा. गायरान आणि देवस्थान इनाम दिसलं की तिथून परत फिरा.

परवानगी कागदावर घ्या. गट नंबर, तारीख, खड्डे बुजवण्याची हमी, आणि काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं व वाटणी अमुक प्रमाणात, हे दोन ओळींत लिहा. कायदा असा करार मानतो. पोलीस पाटलांच्या कानावर आधीच घातलेलं बरं. रात्री तर अजिबात जाऊ नका. आपल्याकडे रात्री रानात बॅटरी आणि खोरं दिसलं की लोकांना गुप्तधनच आठवतं.

३. माती ओळखा

आपला जवळजवळ सगळा भाग दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असतं. खडक झिजून माती झाली तरी ते मातीत राहतं. मशीनला ही माती स्वतःच एखादी धातूची वस्तू असल्यासारखी 'दिसते', आणि त्या गोंगाटात खालचं नाणं हरवतं.

घरबसल्या चाचणी करा. जुन्या स्पीकरचं चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि रानातल्या कोरड्या मातीतून ओढा. पिशवीला काळी पूड मिशीसारखी चिकटली तर माती तापट, म्हणजे मशीनला त्रास देणारी आहे. ओढ्याच्या वाळूत जिथे काळे पट्टे दिसतात तिथे हे फार ठळक कळतं. माझ्या मते मशीनच्या सगळ्या जाहिराती वाचण्यापेक्षा ही पिशवी जास्त सांगते.

आता प्रकार. कृष्णा-कोयनेच्या काठची भारी काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वर पडलेली वस्तू भेगेतून खाली जाते आणि पाऊस आला की वरून माती मिटते. त्यामुळे कालपरवाचं नाणंही खोल असू शकतं आणि जुनं नांगराने वर आलेलं असू शकतं. खोलीवरून वय ठरवू नका. या मातीत शोधायचं ते वाफशावर. ओल असली की मशीन जरा खोल ऐकतं आणि खुरपंही चालतं. कोरड्या ढेकळांत कॉइल (मशीनची खालची चकती) जमिनीपासून वीतभर उंच राहते, तेवढी खोली फुकट जाते.

माण, खटाव, जत, आटपाडीकडचं मुरमाड माळरान उथळ. अडचण असते ती सुट्या दगडांची. काही दगड आजूबाजूच्या मातीहून जास्त खनिजाचे असतात आणि चक्क नाण्यासारखे वाजतात. पायाने दगड बाजूला सरकवा, आवाज दगडाबरोबर गेला तर विषय संपला.

महाबळेश्वर-पाचगणीकडे आणि पाटणच्या वरच्या अंगाला जांभा. लोहाचा तो कळसच. तिथे स्वस्त मशीन सरळ बोंबलत सुटतं.

आणि वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतली क्षारपड रानं. जास्त पाण्याने मीठ वर आलेली, पांढरी पापुद्री धरलेली जमीन ओली असताना वीज वाहून नेते, आणि मशीनला समुद्रकिनाऱ्यासारखा त्रास देते. एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन इथे कॉइल हलवली की कुईकुई करतं. याच तालुक्यांत राहत असाल तर पुढची पाचवी पायरी नीट वाचा.

४. मशीनचं काम थोडक्यात

छंदाची बहुतेक मशीनं व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या) प्रकारची. एक कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात, दुसरी कॉइल ते ऐकते. परत येणारा सिग्नल किती मागे पडला यावरून मशीन धातूचा अंदाज करून आकडा दाखवतं. खालची फ्रिक्वेन्सी मोठ्या, चांगल्या वाहक वस्तूंना बरी, म्हणजे चांदी, तांबं. वरची बारीक आणि कमी वाहक वस्तूंना. पल्स इंडक्शन हा दुसरा प्रकार तापट मातीला जुमानत नाही, पण लोखंड वेगळं सांगण्यात कच्चा. आपल्या रानात बैलाच्या पत्रीचे खिळे, नटबोल्ट, तारा इतक्या आहेत की पल्स घेऊन दिवसभर खड्डेच काढाल.

नैसर्गिक सोन्याचे खडे शोधायची खास मशीनं ४५ किलोहर्ट्झसारख्या उंच फ्रिक्वेन्सीची असतात. बेसाल्टच्या आपल्या मुलखात असं सोनं मिळत नाही. ती यादीतून काढून टाका.

५. तुलना: कोणत्या रानाला कोणतं

सर्वांत आधी बघायची गोष्ट म्हणजे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा गोंगाट मशीनकडून बाजूला काढणं. माती मशीनला 'ओळखून' दाखवायची सोय हाताने आहे का, की कारखान्यातच एक आकडा ठरवून दिलाय? दुसरी गोष्ट कॉइल. कॉन्सेंट्रिक कॉइलचं क्षेत्र शंकूसारखं, ते खनिजाच्या मातीत लवकर गोंधळतं. डबल-डी कॉइलचं क्षेत्र पात्यासारखं, आपल्याकडे तीच हवी.

गॅरेट एस ३०० हे नवख्यांत फार विकलं जाणारं मशीन. ८ किलोहर्ट्झ, कॉन्सेंट्रिक कॉइल, ग्राउंड बॅलन्स ठरलेला. शिकायला सोपं, पण आपल्या मातीला मी सुचवत नाही. एस ४०० त्याहून बरं: १० किलोहर्ट्झ, डबल-डी कॉइल, लोखंडाचा वेगळा आवाज. तरी ग्राउंड बॅलन्स इथेही ठरलेलाच. मऊ गाळाच्या रानात चालून जाईल. जांभ्यावर संवेदनशीलता इतकी उतरवावी लागेल की वरवरचंच ऐकू येईल.

त्याच कंपनीचं एटी प्रो वेगळ्या जातीचं. १५ किलोहर्ट्झ, ग्राउंड बॅलन्स स्वयंचलितही आणि हातानेही, पाण्यात तीन मीटरपर्यंत. जुनं मॉडेल आहे, पण वापरलेलं चांगल्या अवस्थेत मिळालं तर काळ्या मातीला आणि माळालाही घ्यायला हरकत नाही.

नोक्ता या तुर्की कंपनीचं सिम्प्लेक्स प्लस २०१९ मध्ये आलं आणि कमी पैशात आपल्या मातीप्रमाणे करता येणारा ग्राउंड बॅलन्स, डबल-डी कॉइल आणि पूर्ण जलरोधक बांधणी मिळू लागली. १२ किलोहर्ट्झ, वजन १.३ किलो, आत चार्ज होणारी बॅटरी. कराड, कोरेगाव, खटाव, तासगाव या बाजूच्या नवख्याला माझी पहिली शिफारस हीच मालिका. मायनलॅबचं एक्स-टेरा प्रो हेही याच रांगेतलं: ५, ८, १० आणि १५ किलोहर्ट्झ यांतली फ्रिक्वेन्सी निवडता येते. शेतात डीपी किंवा विजेची तार आडवी आली की फ्रिक्वेन्सी बदलून आवाज शांत करता येतो, हा फायदा प्रत्यक्षात मोठा.

क्षारपड रानवाल्यांनी मात्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन घ्यावं. मायनलॅब व्हॅन्क्विश मालिका त्यात स्वस्त. तिच्यात ग्राउंड बॅलन्सची कटकट तुमच्याकडे येत नाही, मशीनच सांभाळतं. सोय म्हणा किंवा मर्यादा. तिची कॉइल भिजली तर चालते, वरचा डबा नाही, हे पावसाळ्यात लक्षात ठेवा. ऐपत असेल तर मायनलॅब इक्विनॉक्स किंवा नोक्ता लेजंड. दोन्हींत अनेक फ्रिक्वेन्सीही आहेत आणि ग्राउंड बॅलन्सही हातात आहे. पण पहिलंच मशीन म्हणून एवढे पैसे घालायची घाई करू नका. सेटिंगच्या जंगलात बरेचजण हरवतात आणि वर्षभरात मशीन माळ्यावर जातं.

किमती मुद्दाम लिहीत नाही. माल आयात, डॉलर आणि कस्टम ड्युटीवर किंमत हलते.

खोलीचं खरं उत्तर: आपल्या मातीत नाण्याएवढी वस्तू १५ ते २० सेंटिमीटरवर स्वच्छ ऐकू आली तर मशीन चांगलं आहे.

६. इथे फसू नका

दुकानात हवेत नाणं फिरवून दाखवतात. हवेत मॅग्नेटाइट नसतं, त्यामुळे त्या चाचणीला अर्थ नाही. विक्रेत्याला म्हणा, बाहेर मातीत पुरून दाखवा.

दोन पितळी दांड्या किंवा अँटेना असलेलं, 'शंभर मीटरवरून सोनं ओळखणारं' यंत्र लाखालाखाला विकतात. असं कोणतंही यंत्र काम करत नाही. मोबाइलवरचं ॲप फोनमधला चुंबकीय सेन्सर वापरतं. त्याला लोखंड कळतं, सोनं-चांदी कळायचा प्रश्नच नाही.

मशीनबरोबर 'जागा बघून देणारा' बाबा आला तर थेट पोलीस ठाणं गाठा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच.

नामांकित मशीनच्या नकलाही फिरतात. पक्कं जीएसटी बिल, अनुक्रमांक आणि भारतातली वॉरंटी याशिवाय नवीन मशीन घेऊ नका. वापरलेलं घेताना कॉइलची वायर जोडाजवळ वाकवून बघा. आवाज तुटला तर आत तार गेलेली असते.

७. आधी घराच्या परड्यात शिका

एक वाफा करा. तांब्याचा जुना पैसा, चांदीचं जोडवं, पाच रुपयांचं नाणं, खिळा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर पुरा आणि खुणेची काडी लावा. प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा.

इथे एक गोष्ट लगेच कळेल. १९८८ नंतर आलेली स्टेनलेस स्टीलची नाणी अनेकदा लोखंडाच्या बाजूला वाजतात किंवा आकडा उड्या मारतो. संगमावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात ना, त्याचं कारण तेच. याउलट जाड तांब्याची शिवराई, १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा हे वरच्या आकड्यावर घट्ट बसतात. पण पंपाच्या केबलचा तांब्याचा तुकडाही तिथेच बसतो, त्यामुळे हुरळून जायचं नाही.

सर्वांत मोठी गोम सोन्याची. लहान अंगठी किंवा फुली खालच्या-मधल्या आकड्यांत वाजते, आणि नेमकं तिथेच गोळ्यांच्या पाकिटाचं, कीटकनाशकाच्या बाटलीच्या बुचाखालचं फॉइल वाजतं. कचऱ्याला वैतागून ते आकडे बंद केले की सोनंही बंद. हरवलेला दागिना शोधताना सगळं फॉइल उकरायची तयारी हवी.

ग्राउंड बॅलन्स करायचा तो धातू नसलेल्या जागी. बटण दाबून धरा, कॉइल वीतभर उंचीवरून जमिनीच्या दोन बोटं वर आणा, पुन्हा उचला. खाली-वर दोन्हीकडे आवाज सारखा झाला की सोडा. माती बदलली, बांध ओलांडला, पाणी दिलेल्या सरीत शिरलात, तर पुन्हा करा. मग संवेदनशीलता पूर्ण चढवू नका. मशीन शांत होईल तिथपर्यंत उतरवा.

कॉइल जमिनीला समांतर आणि संथ फिरवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढू द्या. फोन खिशात ठेवू नका. पंप, डीपी, रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीनचं कुंपण, चाळकेवाडीकडच्या पवनचक्क्या यांच्याजवळ विनाकारण टुकटुक होईल. दोष मशीनचा नसतो.

लोक "आमची पाइपलाइन शोधून दे" म्हणतील. पीव्हीसीची असेल तर मशीनला काहीच दिसणार नाही, आधीच सांगा.

८. उकरताना

आवाज दोन दिशांनी घ्या, फुलीच्या मध्याला वस्तू. खुरपं वस्तूवर न मारता चार बोटं बाजूने घाला. ढेकूळ सबंध काढून त्यातच पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) फिरवा. काळ्या मातीत नाणं ढेकळाला चिकटून बाहेर येतं आणि आपण खड्ड्यातच बोटं घालत बसतो. खड्डा लगेच बुजवा आणि पायाने दाबा. उसात ठिबकची नळी कापली तर पुढच्या वेळी त्या रानात पाय ठेवता येत नाही.

गोल, गंजलेलं, जड, बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, ११२ ला फोन करा.

९. जुनं काही सापडलं तर

तिथेच थांबा. एकाजवळ आणखी असू शकतात, पण खणायचं काम आता तुमचं नाही. जागेवरच फोटो, शेजारी पट्टी ठेवून. फोनवर ठिकाण नोंदवा. नाणं घासू नका, लिंबू-चिंच-राख काही लावू नका. हिरवी पुटं गेली की अक्षरंही जातात आणि किंमतही. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' दिसलं म्हणून गावभर फोटो पाठवलात, तर संध्याकाळपर्यंत त्या रानात जत्रा भरेल.

मालकाला सांगा, त्याच्यासह जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच मिळेपर्यंत टेबलासमोरून हलू नका.

१०. पिशवीत काय हवं

कागद: परवानगीपत्र, सातबारा, आधारची प्रत, मशीनचं बिल.

सामान: मशीन, पिनपॉइंटर, हेडफोन (गर्दी टाळायला सर्वांत उपयोगी), खुरपं, छोटी कुदळ, कचऱ्यासाठी पिशवी, जुन्या वस्तूंसाठी कापूस घातलेली डबी, वही, पट्टी, पाणी. परदेशी खणायची अवजारं महाग असतात. आपल्या लोहाराने पाणी दिलेलं खुरपं त्यांच्याइतकंच चालतं. बूट लोखंडी टोकाचे नकोत, नाहीतर प्रत्येक पावलाला स्वतःचाच शोध लागतो. पाचटात शिरणार असाल तर मात्र बूट उंच असू द्या, घोणस आवाज ऐकून सरकत नाही.